भिंतीवर आपला चेहरा

(प्रभागसंघाच्या फेब्रुवारीच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. तूर-हरभऱ्याच्या कामामुळं ज्या गटांच्या प्रतिनिधींना येता आलं नाही, त्यांच्यासाठी ते पूर्ण देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं आणि शेवटी दिलेल्या मुद्द्यांवर चर्चा करून निर्णय इतिवृत्तात लिहावा. – संपादक मंडळ)

अध्यक्षताई, सचिवताई, कोषाध्यक्षताई, सगळ्या ग्रामसंघांच्या पदाधिकारी, आणि ऑटोनं, एसटीनं, पायी आलेल्या माझ्या मावश्या, काकू, आज्या आणि बहिणींनो, सगळ्यांना नमस्कार.

आजच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय आहे, ‘कार्यालयाच्या भिंतीचे रंगकाम’. कर्जवाटप आणि थकबाकीचे विषय संपल्यावर अर्ध्या जणी चपला शोधायला लागतात, हे मला माहीत आहे. पण आज थोडं थांबा. विषय दिसतो तेवढा लहान नाही.

आपल्यापुढं दोन प्रस्ताव आहेत. पहिला असा, की पेंटरला बोलवायचं आणि तो सगळीकडं काढतो तेच चित्र काढून घ्यायचं. ते चित्र तुम्ही पाहिलंय. हिरव्या साडीतली एक बाई, हात वर, दुसऱ्या हातात पाटी किंवा कॉम्प्युटर, मागं उगवता सूर्य आणि खाली घोषवाक्य. दुसरा प्रस्ताव असा, की भिंतीवर आपल्याच गटांतल्या नऊ बायांची व्यक्तिचित्रं काढायची. व्यक्तिचित्र म्हणजे एका खऱ्या माणसाचं, तिला समोर बसवून, तिच्याकडं बघून काढलेलं चित्र. मी दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूनं बोलणार आहे. का, ते सांगते.

आपल्या घरात आपलं चित्र कुठं आहे?

तुमच्या घरातल्या भिंती आठवा. देवाचं कॅलेंडर असतं. लक्ष्मी असते, सरस्वती असते. ही छापील देवांची चित्रं घरोघरी कशी आली माहीत आहे का? राजा रविवर्मा नावाचे मोठे चित्रकार होते. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तोपर्यंत चांगलं रंगीत चित्र राजवाड्यात असायचं. छापखान्यामुळं ते साध्या घरात आलं. देवी घरात आली, खरी मोठी गोष्ट झाली. पण देवी आली गोरी, दागिन्यांनी मढलेली, हाताला कामाचा एक डाग नसलेली.

मग आपल्या बैठकीच्या खोलीत जिजाऊ असतात, सावित्रीबाई असतात, अहिल्याबाई असतात. आपण त्यांना हार घालतो, घालायलाच पाहिजे.

आणि आपण? आपला फोटो आधार कार्डावर असतो. बँकेच्या पासबुकावर असतो. लग्नाच्या अल्बममध्ये असतो, मान खाली घातलेला. घरातल्या आजीचा मोठा फोटो भिंतीवर कधी येतो? ती गेल्यावर. तेव्हा कळतं, की तिचा धड एक फोटो नाही. मग आधार कार्डावरचाच मोठा करून आणतात, त्याला चौकट करतात आणि हार घालतात. जन्मभर जिनं घर धरून ठेवलं, तिच्या चेहऱ्याकडं कुणी निवांत बघितलं नाही. बघितलं ते एका यंत्रानं, केंद्रावर, दोन सेकंद.

म्हणून म्हणते, जिवंतपणी, आपल्या भिंतीवर, आपला चेहरा.

‘हसा ताई, हसा!’

आता तुम्ही म्हणाल, फोटो तर आपले ढीगभर निघतात. खरं आहे. कर्जाचा चेक हातात आला की फोटो. शिलाई मशीन आलं की फोटो. मागं बॅनर, बाजूला साहेब आणि समोरून आवाज, ‘हसा ताई, हसा!’ मग आपण सगळ्या एकदम दात दाखवतो आणि फोटो झाला की तोंडं पुन्हा पहिल्यासारखी होतात. हे फोटो अहवालाला लागतात, मीही ते काढते. त्याच्या खाली शब्द असतो, ‘लाभार्थी’.

पण तुमचा आनंद मी चेक घेताना फारसा बघितलेला नाही. तो मी दुसऱ्या वेळी बघितलाय. शेवटचा हप्ता भरून झाल्यावर एक काकू पावतीची चार घड्यांची घडी करून बटव्यात ठेवत होत्या, तेव्हा. वजनकाट्यावर आपल्याच दालमिलची तूरडाळ ठेवल्यावर काटा बरोबर जागेवर थांबला, तेव्हा. पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही करून झाल्यावर पेन खाली ठेवायच्या आधी एका आजीनं त्या अक्षरांकडं परत एकदा बघितलं, तेव्हा. यातली कुणीच मोठ्यानं हसत नव्हती. ओठ मिटलेले होते, पण खांदे सैल झाले होते आणि डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या.

हा शांत आनंद मोबाईलच्या फोटोत सहसा सापडत नाही, व्यक्तिचित्रात सापडू शकतो. त्याचं कारण अगदी साधं आहे. फोटोसाठी हसू एक सेकंद धरायचं असतं. चित्रासाठी तासभर बसावं लागतं. तासभर खोटं हसू धरून बघा! पाच मिनिटांत गाल दुखतात. दहा मिनिटांनी माणूस विसरतो, की आपल्याकडं कुणी बघतंय. मग जो चेहरा उरतो तो आपला खरा. चित्रकार त्याचीच वाट बघत असतो.

दिवा हातात घेतलेली बाई

हे बघा, मी एक छापील चित्र आणलंय. हातोहात फिरवा, पण दुमडू नका. एक बाई उभी आहे. एका हातात दिवा आहे, दुसरा हात तिनं ज्योतीच्या आडोशाला धरलाय. बाकी सगळा अंधार. उजेड फक्त त्या दिव्याचा. तिच्या बोटांतून तो लालसर दिसतोय बघा. रात्री लाईट गेल्यावर दिव्याला हाताचा आडोसा आपण सगळ्यांनी केलेला आहे, तेव्हा आपलीही बोटं अशीच दिसतात.

हे चित्र पुष्कळ लोक रविवर्म्यांचं समजतात. ते तसं नाही. रविवर्मा १९०६ मध्ये वारले आणि हे चित्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९४५-४६ च्या सुमाराला झालं. काढलं आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी. मूळ चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. त्याला इंग्रजीत ‘ग्लो ऑफ होप’ म्हणतात, म्हणजे आशेचा उजेड.

आणि ही बाई कोण? कुणी राणी नाही, देवी नाही. ती चित्रकाराची स्वतःची मुलगी, गीता. लग्नानंतरच्या गीता उपळेकर. त्या कोल्हापूरला राहत होत्या आणि २०१८ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी वारल्या. वडिलांनी त्यांना दिवा हातात देऊन उभं केलं आणि त्या तासन्‌तास तशाच उभ्या राहिल्या.

दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, हे जलरंगातलं चित्र आहे. तेलरंगात चुकलं तर वरून दुसरा रंग लावून झाकता येतं. जलरंगात तसं फारसं जमत नाही. तिथं उजळ भाग म्हणजे खालचा कोरा कागदच असतो. एकदा तो रंगला की उजेड गेला. म्हणजे ज्योतीजवळचा उजेड चित्रकारानं पहिल्यापासून सांभाळून ठेवलाय. घरखर्चातून बचत बाजूला ठेवतो तसा. महिना संपल्यावर उरेल ते टाकू म्हटलं तर काही उरत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट, ताकद दाखवायला चित्रकारानं तिच्या हातात तलवार दिली नाही, मूठ वळवून हात वर करायला लावला नाही. ती फक्त एक ज्योत विझू देत नाहीये. एवढंच काम, पण त्या कामात तिचं सगळं लक्ष आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींची ताकद ही अशीच आहे. नवरा गेल्यावर दोन लेकरांचं शिक्षण बंद पडू दिलं नाही. दुष्काळाच्या वर्षी गट फुटू दिला नाही. हे कुणी मिरवणुकीत सांगत नाही. म्हणून ते चित्रात यायला पाहिजे.

दोघी बायका, ज्यांनी बायका रंगवल्या

आणखी दोघींची नावं सांगते, कारण चित्रं काढणाऱ्याही बायका होत्या हे आपल्या मुलींना कळायला हवं.

एक अमृता शेरगिल. वडील पंजाबी शीख, आई हंगेरीची. जन्म १९१३ चा, युरोपातल्या बुडापेस्ट शहरात. चित्रकला शिकली पॅरिसमध्ये आणि १९३४ मध्ये भारतात परत आली ती इथल्या साध्या माणसांना रंगवायला. १९३५ मध्ये तिनं तीन मुलींचं चित्र काढलं. तिघी शेजारी शेजारी बसलेल्या, अंगावर साधे पण रंगीत कपडे. एकही हसत नाही, एकही आपल्याकडं बघत नाही. आनंदाचं चित्र नाही ते. पण त्या तिघींच्या मनात काहीतरी चाललंय, हे बघणाऱ्याला जाणवतं आणि तो गप्प होतो. मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीनं १९३७ मध्ये त्या चित्राला सुवर्णपदक दिलं. १९४१ मध्ये, फक्त २८ वर्षांची असताना, अमृता वारली. पण त्याआधी तिनं एक गोष्ट करून ठेवली. सावळ्या बायकांना सावळंच रंगवलं आणि तरी, नाही, म्हणूनच, त्या सुंदर दिसल्या.

दुसऱ्या बी. प्रभा. या तर आपल्याच भागातल्या. नागपूरजवळच्या बेला गावी १९३३ मध्ये त्यांचा जन्म झाला. आधी नागपूरला शिकल्या, मग मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. त्यांनी आयुष्यभर कष्टकरी बायका रंगवल्या. कोळणी, टोपली घेतलेल्या, वाट बघत उभ्या असलेल्या. लांब मान, लांब हात, शिडशिडीत अंग. ओझं डोक्यावर आहे पण पाठ सरळ आहे, असं त्यांच्या चित्रांत दिसतं. आपल्या विदर्भातल्या खेड्यातून निघालेली मुलगी हे करू शकली. आणि आपल्या पोरी एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा पास होतात, सर्टिफिकेट कपाटात ठेवतात आणि ते काम तिथंच संपतं. या भिंतीमुळं त्यांच्यातल्या चार जणींच्या हातात पुन्हा ब्रश येईल. हायस्कूलच्या चित्रकलेच्या सरांनी मार्गदर्शन करायचं मान्य केलंय.

तुम्ही विचारलेले प्रश्न

गेल्या महिन्यात मी गटांच्या बैठकांत हा विषय काढला, तेव्हा तुम्ही जे बोललात ते सगळं मी लिहून घेतलं. त्यातलं महत्त्वाचं आज सगळ्यांपुढं ठेवते.

एक मावशी म्हणाल्या, “माह्या तोंडाचं काय चित्र काढतं वं पोरी? वावराचं काढ.” सगळ्या हसल्या. पण मला ते फार आवडलं. मावशी, तुमचं चित्र काढायचं आणि मागं वावर काढायचं, जे आता सातबाऱ्यावर तुमच्या नावानं आहे. बघणाऱ्याला दोन्ही कळेल.

दुसऱ्या एकीनं विचारलं, “चित्रानं पोट भरते काय?” नाही भरत. मी खोटं सांगणार नाही. चित्रानं कर्ज मंजूर होत नाही आणि कापसाचा भावही वाढत नाही. पण भिंत रंगवायची हे आपण ठरवलंच आहे. पोपडे निघालेत, पावसाळ्याआधी ते काम करावंच लागणार. प्रश्न फक्त एवढाच, की त्या रंगातून कोण दिसणार, कुणीतरी एक बाई की आपण? दोन्ही प्रस्तावांच्या खर्चाचा हिशोब कोषाध्यक्षताई मांडतीलच. ज्यांना खर्चाची शंका आहे त्यांनी आजच विचारावं, नंतर बाहेर कुजबुज नको.

तिसरं, बऱ्याच जणींनी हळूच सांगितलं, “थोडी गोरी काढा बरं.” यावर माझं मत मी स्पष्ट सांगते, तुम्ही रागावलात तरी चालेल. रंग खरा लावायचा. अंगणवाडीच्या पोरी रोज या भिंतीसमोरून जाणार आहेत. नऊच्या नऊ बाया गोऱ्या दिसल्या तर त्या काय शिकतील? की भिंतीवर जायचं तर आधी रंग बदलावा लागतो. आणि सावळा रंग काढणं हे कमी कसबाचं काम नाही. सर मुलींना सांगत होते, की नुसता काळा मिसळला तर कातडी राखाडी, मळकट दिसते. त्यात गेरूसारखा तांबूस रंग लागतो, पिवळा लागतो, सावलीत थोडा निळा लागतो. मग उन्हात काम करणारा चेहरा तांब्याच्या भांड्यासारखा उजळतो. हे बसायच्या आधीच प्रत्येकीला सांगायचं. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल नाही म्हणावं.

कपाळाचा प्रश्न

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका गटात बैठक संपल्यावर एक बाई मागं थांबल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचे मालक वारले. गटाच्या त्या सचिव आहेत, हिशोब चोख ठेवतात. गटानं त्यांचंच नाव सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, “ताई, चित्रात माझं कपाळ कसं काढणार? रिकामं काढलं तर येणारा-जाणारा म्हणेल, भिंतीवर हीच का बसवली. कुंकू काढलं तर घरचे म्हणतील, हिला लाज नाही.”

बायांनो, हा रंगाचा प्रश्न नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं यावरून आपल्याच गटांत किती अबोले झालेत, ते तुम्हाला माहीत आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाच्या गावानं ग्रामपंचायतीत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र काढायचं, या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर होतो. पण तो गावाच्या डोळ्यांना सवयीचा व्हावा लागतो. आणि डोळ्यांना सवय लावायचं काम भिंत करते.

म्हणून माझी सूचना अशी. कपाळावर काय असावं हे त्या बाईनं ठरवायचं. कुंकू, टिकली, गोंदण, काहीच नाही, जे ती सांगेल ते. चित्र काढणाऱ्या मुलीनं नाही, मी नाही, सासरच्यांनी नाही. आणि नऊपैकी निदान तीन चित्रं एकल बायांची असावीत. कुणाचं कपाळ रिकामं असलं तरी ती चित्रात मधोमध बसेल, कोपऱ्यात नाही. ‘हीच का बसवली’ असं कुणी विचारलं तर उत्तर एकट्या त्या बाईनं द्यायचं नाही, आपण सगळ्यांनी द्यायचं. हे जमणार नसेल तर मग पहिलाच प्रस्ताव बरा. कारण तिला भिंतीवर बसवून खाली एकटी सोडणं, हे काही सक्षमीकरण नाही.

काम कसं होईल

हे चार मुली करतील आणि सर बघतील. एकेका बाईला तीनदा बसावं लागेल, दर वेळी साधारण एक तास. वीस मिनिटांनी उठायचं, पाय मोकळे करायचे, चहा घ्यायचा. बसायची जागा तिच्याच घरची ओसरी. कारण ओसरीत उजेड एका बाजूनं येतो. समोरून लख्ख उजेड पडला की चेहरा ताटासारखा सपाट दिसतो. बाजूनं आला की एक गाल उजळतो, दुसऱ्यावर सावली पडते आणि नाक, गालाची हाडं, सुरकुत्या, सगळं बोलायला लागतं. सुरकुत्या पुसायच्या नाहीत. त्या आपण मिळवलेल्या आहेत.

हातही काढायचे. बाईच्या चेहऱ्यात जे लपतं ते हातात दिसतं. हातात काय धरायचं ते तिनं सांगावं. विळा, पासबुक, नातवंड, सुईदोरा, नाहीतर काहीच नाही, नुसते मांडीवर ठेवलेले हात. दिवसभर राबणाऱ्या बाईचे हात रिकामे दिसणं, हाही एक आनंदच आहे.

कागदावरचं चित्र भिंतीवर मोठं कसं होतं, असं काही जणींनी विचारलं. कागदावर एक-एक इंचाचे चौकोन आखायचे. भिंतीवर गवंडी सूत मारतो तसं रंगाचं सूत मारून सहा-सहा इंचांचे चौकोन पाडायचे. मग एकेका चौकोनात जे आहे ते त्या चौकोनात उतरवायचं. आठ बाय दहा इंचांचं चित्र भिंतीवर चार बाय पाच फुटांचं होतं. त्याआधी पोपडे खरवडायचे, भिंत पूर्ण वाळू द्यायची, प्रायमर मारायचा आणि रंग बाहेरच्या भिंतीचाच घ्यायचा, नाहीतर पहिल्या पावसात आपण सगळ्या वाहून जाऊ. आपण उत्तरेकडची भिंत घेतोय. तिच्यावर ऊन कमी येतं, म्हणून रंग जास्त टिकतो.

चित्राखाली दोनच गोष्टी लिहायच्या. तिचं नाव आणि तिनं स्वतः सांगितलेलं एक वाक्य. कर्ज किती घेतलं, योजना कोणती, ‘लाभार्थी’, यातलं काहीही नको.

गटांनी काय करायचं

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं हे पाच मुद्दे घ्यावेत.

१. गटाकडून एकच नाव द्यायचं. पदाधिकारीच पाहिजे असं नाही. जिच्याकडं बघून बाकीच्यांना धीर येतो, ती. नावं नऊपेक्षा जास्त येतील, तेव्हा निवड या सभेत सगळ्यांसमोर करू.

२. संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा त्या बाईचाच. नवऱ्याची, मुलाची सही लागणार नाही. लिहिता-वाचता येत नसेल तर कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवायचा.

३. भिंतीवर रंग लागायच्या आधी कधीही तिला ‘नको’ म्हणता येईल. कारण विचारायचं नाही आणि नंतर टोमणे मारायचे नाहीत.

४. कागदावर काढलेलं मूळ चित्र तिच्या घरी जाईल. भिंतीचा रंग पाच-सहा वर्षांनी उडेल, कागदावरचं चित्र चौकटीत राहील. उद्या तिच्या नातवंडांना आधार कार्डावरचा फोटो मोठा करायची वेळ येणार नाही.

५. जी बसेल तिचे ते तीन तास मोकळे करायची जबाबदारी गटाची. कुणी तिची शेळी बघेल, कुणी स्वयंपाकाला हात लावेल. तीन तास काही न करता बसणं हेच आपल्याकडं सगळ्यात अवघड आहे, हे मला ठाऊक आहे.

या पाचव्या मुद्द्यावर थोडं बोलते आणि थांबते. तालमीसाठी मुलींनी एका आजींचं चित्र काढायला घेतलं. पहिली दहा मिनिटं आजी सारख्या पदर सावरत होत्या, मधेच म्हणायच्या, “झालं का वं? माहे कामं पडले.” नंतर त्या शांत झाल्या. उठल्यावर त्यांनी चित्राकडं बघायच्या आधी त्या मुलीला विचारलं, “एवढा वेळ माह्याकडं बघून तुले कंटाळा नाही आला?” मुलगी म्हणाली, “नाही आजी.” आजी काही बोलल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. तो काढायलाच पाहिजे, असं मला वाटतं.

एका बाईनं दुसऱ्या बाईकडं तासभर लक्ष देऊन बघावं, तिच्यात खोट न काढता, तिला सजवून न घेता. आपल्या गटांचं मूळ कामही हेच नाही का? बचत आपण महिन्याच्या महिन्याला टाकतो. एकमेकींकडं असं बघण्याची बचतही सुरू करू या. ८ मार्चला निदान पहिली तीन चित्रं पूर्ण व्हावीत अशी माझी इच्छा आहे. निर्णय सभेचा. ज्यांना दुसरा प्रस्ताव मान्य आहे त्यांनी हात वर करावा, ज्यांना नाही त्यांनी उभं राहून कारण सांगावं. दोन्ही गोष्टी इतिवृत्तात येतील.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते. जय जिजाऊ, जय सावित्री. जय हिंद, जय महाराष्ट्र!